पाठकोरा अर्ज

अंबडच्या त्या कारखान्याच्या कचेरीत बारा संगणक होते आणि प्रिंटर एकच. कुणाचाही कागद कुणाच्याही हाती पडे. सोमवारी प्रतिभाचा अर्ज असाच तिथेच कामाला असलेल्या तिच्या दिराच्या, शेखरच्या, हाती पडला आणि त्याने तो गुपचूप फाडला. त्यात एवढेच होते : माझी मुलगी सायली पंधरा वर्षांची आहे, शुक्रवारी सटाण्याला तिचे लग्न लावले जात आहे, ते थांबवावे.

आज गुरुवार. सकाळी घरी सायलीला हळद लागली होती. महिनाअखेरच्या कामाचे निमित्त सांगून प्रतिभा कचेरीत आली, आणि मागोमाग शेखरही आला.

संगणक सांभाळणाऱ्या गोरक्षने तिला नवी सोय शिकवली होती. कागद यंत्रातच थांबतो; आपण समोर उभे राहून आपला गुप्त अंक दाबला, तरच बाहेर येतो. मात्र साडेपाचला यंत्र बंद झाले, की थांबलेले सारे पुसले जाते. प्रतिभाने अर्ज पुन्हा लिहून तसाच यंत्रात धाडला होता.

प्रिंटरच्या पडद्यावर, थांबलेल्या कागदांच्या यादीत, वहिनीचे नाव पाहून शेखर तिथेच उभा राहिला. साडेपाचपर्यंत यंत्र अडवून ठेवायला एकाच हजेरीपत्रकाच्या प्रती तो काढीत सुटला.

"किती काढता, भावोजी?"

"वऱ्हाडाला वाटायच्यात." तो हसला, मग आवाज उतरला. "वहिनी, पोरीला हळद लागलीय. लोक तोंडात शेण घालतील. दादा तुम्हाला घरात ठेवायचा नाही."

"ठाऊक आहे."

"आमची आई तेराव्या वर्षी नांदायला आली. काय वाईट झालं तिचं?"

"तुम्ही कधी विचारलंत तिला?"

शेखरने आणखी प्रतींचा आकडा दाबला. तेवढ्यात यंत्र थांबले. कागद संपले होते, आणि कोठाराला कुलूप. पाच पंचवीस.

"आता उद्याच, वहिनी," तो हळूच म्हणाला.

प्रतिभाने त्याच्याच ढिगातली एक प्रत उचलली, कोरी बाजू पाहून यंत्रात सरकवली, त्याच्या उरलेल्या प्रती रद्द केल्या आणि आपला अंक दाबला. हजेरीपत्रकाच्या पाठीवर अर्ज उमटून आला. शेखरने हात पुढे केला.

"हात मागे घ्या, भावोजी."

तिने तिथेच सही केली. खाली लिहिले : मुलीची आई.

"कुठं निघालात? दादाला काय सांगू?"

"पोलीस ठाण्यात गेलेय म्हणून सांगा. खोटं कशाला?"

ती जिना उतरली. शेखरने मोबाइल काढला, भावाचे नाव शोधले, आणि बराच वेळ तो त्या नावाकडे नुसता पाहत उभा राहिला. तेरा वर्षांची एक मुलगी, आपली आई, त्याला आयुष्यात प्रथमच दिसत होती.