श्रीखंडाची गाडी

त्या दिवशी राहात्याजवळच्या वस्तीवर पहाटेपासून सगळ्यांत जास्त जपलं गेलं ते श्रीखंड.

आप्पासाहेबांच्या धाकट्या मुलीचं, माधुरीचं लग्न पाथर्डीकडच्या गावात होतं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि मुहूर्त दुपारी साडेबाराचा. मुलाचे वडील भाऊसाहेब यांनी हुंडा घेतला नव्हता. हे ते भेटेल त्याला सांगत. त्यांनी फक्त मानपान मागितला होता. लग्न त्यांच्या दारात, खर्च मुलीकडचा आणि पंगतीला राहात्याचं श्रीखंड. "कोमट श्रीखंड वाढलं तर आमी ताटावरून उठतो," असं ते बैठकीत एकदाच बोलले, आणि आप्पासाहेबांच्या भावकीतल्या शहाण्या पुरुषांची चार महिने झोप उडाली.

म्हणून दूध-आइस्क्रीम नेतात तसली थंड गाडी ठरवली. ड्रायव्हर कल्याणने ती रिकामीच तासभर गार केली. डब्यांमध्ये हवा खेळावी म्हणून बोटभर फट ठेवली. आतला तापमानाचा काटा चार अंशांवर आल्यावरच दार लावलं. राखणीला आप्पासाहेबांचे चुलतभाऊ मच्छिंद्रतात्या बसले. वाटेत दार उघडायचं नाही, अशी त्यांनी सगळ्यांना तंबी दिली.

बायका-पोरांसाठी टेम्पो होता. वर काळी ताडपत्री, खाली लोखंडी पत्रा, पाण्याचा एक जार. त्यात तेवीस बायका आणि अकरा मुलं भरली. भरली हाच शब्द बरोबर. श्रीखंडाच्या डब्यांना मिळाली तेवढी फट त्यांना मिळाली नाही. दोन एसी मोटारींत नवरी आणि मानाची माणसं बसली. मानाची म्हणजे मिशा असलेली.

"आप्पा, ओंकारला घेऊन मी मोटारीत बसते," नवरीची मोठी बहीण रुपाली म्हणाली. ओंकार तिचा दहा महिन्यांचा मुलगा.

"अगं, तिथं तात्याचे व्याही हायेत. त्यांना उठ म्हनू का? तीन तासांचा तर प्रश्न हाय."

मोटारी पुढे निघून गेल्या. नगर मागे पडलं तोवर टेम्पोतला जार रिकामा झाला होता. ओंकार खूप रडला, मग गप्प झाला. झोपला बाई एकदाचा, असं सगळ्यांना वाटलं. रुपालीने त्याच्या मानेला हात लावला. अंग भाजत होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. तिने हलवलं तरी त्याने डोळे उघडले नाहीत. तिने केबिनची काच बडवली. टेम्पो थांबला, तशी मागची थंड गाडीही थांबली.

"कल्याणभाऊ, दार उघडा."

तात्या खाली उतरले. "दार न्हाई उघडायचं. पानी मार त्याच्या तोंडावर."

"पाणी संपलंय, तात्या."

"मग म्होरं करंजीत घिऊ. पोरं तापत्यातच. श्रीखंड बिघडलं तर लगीन मोडंल, समजतंय का?"

रुपालीने कल्याणकडे पाहिलं. "आत किती आहे?"

"चार, ताई."

"आणि टेम्पोत?"

कल्याणने ताडपत्रीला हात लावला आणि झटकन काढला. "टेम्पोत काटा नसतो," तो म्हणाला आणि खिशातून किल्ली काढली.

तात्या किल्लीवर झडप घालणार तोच भामाआत्या टेम्पोतून उतरून मध्ये उभी राहिली. आप्पासाहेबांची ही थोरली बहीण. "मच्छिंद्र, सर बाजूला. चार म्हैने श्रीखंडाचं बाळंतपन केलंस, बास झालं आता."

दार उघडलं. कल्याणने आत ठेवलेली स्वतःची पाण्याची बाटली दिली. रुपालीने पदर भिजवून बाळाचं अंग पुसलं, पुसत राहिली. पाऊण तास दार उघडंच होतं. बाकीची पोरंही त्या गारव्याला येऊन बसली. अखेर ओंकार बारीक आवाजात रडला. करंजीच्या डॉक्टरांनी तपासलं, पाणी चमच्याने द्यायला सांगितलं, नगरला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले आणि टेम्पोत पुन्हा बसवू नका असं बजावलं. नगरला परत न्यायला मोटार मांडवातच मिळणार होती, म्हणून रुपाली बाळाला घेऊन कल्याणशेजारी तात्यांच्या जागी बसली. तात्यांना टेम्पोत बसावं लागलं. माणसाला ताडपत्रीखाली किती ऊन लागतं, हे ते मग वाटभर सांगत होते.

मांडवात पोचल्यावर भाऊसाहेबांनी आधी डबा उघडला. त्यात बोट घातलं.

"कोमट हाय."

"बाळाला ऊन लागलं होतं. दार उघडावं लागलं," रुपाली म्हणाली.

"वाचलं न्हवं? मग झालं तर. आप्पासाहेब, नगरला मानूस धाडा आन् दुसरं आना. तवर अंतरपाट धरायचा न्हाई."

"व्हय, व्हय," म्हणत आप्पासाहेबांनी मोबाईल काढलाही.

माधुरी मुंडावळ्या बांधून बाजूलाच उभी होती. तिने बहिणीच्या खांद्यावर मलूल पडलेलं भाच्याचं डोकं पाहिलं. "मामंजी," ती होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली, "उद्या माझं लेकरू असं तापलं, तर तुम्ही दार उघडाल?"

"उघडू की. पंगत उठल्यावर."

मांडवात हशा पिकला. आप्पासाहेबही हसले, गेले चार महिने भाऊसाहेब बोलले की ते हसतच होते.

माधुरीने नवऱ्या मुलाकडे पाहिलं. सचिन पुण्यात इंजिनिअर होता. "तुम्ही सांगा."

"पप्पांपुढं मी काय बोलणार?" सचिन म्हणाला.

तिने मुंडावळ्या सोडल्या आणि वडिलांच्या हातात ठेवल्या.

"माधुरी, अगं लोक काय म्हनतील?"

"लोकांना श्रीखंड वाढा, आप्पा. मी ताईबरोबर नगरला दवाखान्यात चाललेय. मोटार घेऊन जाते."

मोटारीत तात्यांचे व्याही एसी लावून झोपले होते. भामाआत्याने काच वाजवून त्यांना उतरवलं.

पदार्थ उन्हात नासू नये म्हणून काय काय करावं, हे आता आपल्याकडच्या पुरुषांना तोंडपाठ आहे. या लग्नसराईत तुमच्याही घरून वऱ्हाड निघेल. एसी मोटारीत बसण्याआधी टेम्पोची ताडपत्री वर करून दहा मिनिटं आत बसून बघा. मग मुहूर्ताला निघा.