टॉयवोचे खारट अश्रू

शनिवारी दुपारी आयली माकीच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी बर्फाने भिजलेल्या बुटांचा ढीग, स्वयंपाकघरात कॉफीच्या किटलीवर किटली, आणि चर्चमधली अर्धी मंडळी खोलीत दाटीवाटीने बसलेली. सगळ्यांच्या नजरा भिंतीलगतच्या माशांच्या मोठ्या काचटाकीवर खिळल्या होत्या. आयलीच्या नवऱ्याची, टॉयवोची, ती टाकी. तो पानगळीच्या दिवसांत गेला होता.

"पडदे ओढा, दिवे मालवा," मेलेल्यांना बोलावते म्हणवणारी सिस्टर कोरा म्हणाली. "आणि ही घरघर आधी बंद करा बाई! पलीकडची माणसं फार हळू बोलतात."

तिने स्वतःच वाकून टाकीच्या पंपाचा प्लग काढला. खोली चिडीचूप झाली.

"टॉयवो माकी!" सिस्टरने आवाजात कंप आणला. "पडद्यापल्याडच्या प्रवाशा! तुझी बायको इथे बसलीय. मनात माया असेल तर दाखव तिला!"

काही वेळ काहीच घडलं नाही. मग टाकीखालच्या लाकडी कपाटाच्या दाराखालून पाणी झिरपलं आणि गालिच्यावर पसरत गेलं. पुढे बसलेल्या शेजारच्या ब्लांशने त्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट! अगं बाई, अश्रूच ते!"

कुणी हुंदका दिला, कुणी प्रार्थना पुटपुटू लागलं. समुद्रातल्या माशांच्या टाकीचं पाणी खारट नसेल तर काय उसाच्या रसासारखं गोड असेल? पण हे विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही. आयलीलाही नाही.

तिचं कारण वेगळं होतं. आठवड्याचे बाकीचे दिवस ती एकच कप धुवायची. मुलगा दूर ॲरिझोनात. फोनवर आधी हवामानाचं बोलायचा, मग "बरं आई, ठेवतो" म्हणायचा. हिवाळ्यात वादळाने वीज गेली तेव्हा टाकीखालून पहिल्यांदा पाणी आलं. ते पाहून ब्लांश सिस्टर कोराला घेऊन आली, आणि तेव्हापासून शनिवारी घर माणसांनी भरू लागलं. माणसं गेली की आयली गालिचा पुसायची, पाण्यात मीठ कालवून कपाटात ठेवलेली खालची छोटी टाकी काठोकाठ भरायची आणि पुढच्या शनिवारची वाट बघायची.

सिस्टर ते पाणी बाटल्यांत भरून विकायला नेई. त्यांतली एक ब्लांशकडे गेली होती, हे आयलीला कळलं ते ब्लांश कॉफीला आली तेव्हा. टेबलावरचा कप घ्यायला तिने हात पुढे केला आणि कप उलटला. तिचे डोळे लालबुंद झाले होते.

"डॉक्टरचे काचबिंदूचे थेंब बंद केलेत मी," ब्लांश म्हणाली. "टॉयवोचे अश्रू घालते. सिस्टर म्हणते, दोन्ही एकत्र चालत नाहीत. शंका घेतली की अश्रू रुसतात."

त्या पाण्यात काय काय असतं हे आयलीला ठाऊक होतं. पण तिने नुसती सांडलेली कॉफी पुसली. एक शब्द बोललं की शनिवार संपले.

मग तिने ठरवलं, टॉयवोलाच विचारायचं. ब्लांश गेल्यावर तिने खुर्ची टाकीसमोर ओढली आणि त्याला हाक मारली. ब्लांशचं सांगितलं, मुलाचं सांगितलं, रिकाम्या घराचं सांगितलं. पंप घरघरत राहिला. जमीन कोरडी. घरघरीत ऐकू जात नसेल, असं वाटून तिने प्लग काढला. अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी तिने खालची टाकी भरली, पुन्हा प्लग काढला, पण हाक मारली नाही. मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "बटाटे, कांदे, साबण." पाणी आलंच.

"बटाट्यांसाठीसुद्धा रडतोस होय रे?" ती हसली. मग त्याच ओल्या गालिच्यावर बसून खूप वेळ रडली.

संध्याकाळी तिने रे टर्नबुलला फोन केला. शाळेत विज्ञान शिकवणारा रे टॉयवोसारखाच मासे पाळणारा त्याचा दोस्त. तो आला, कपाटात डोकावला आणि म्हणाला, "आयली, खालची टाकी किती भरतेस?"

"काठोकाठ. सारखं सारखं ओतायला नको."

"तिथेच घोळ आहे. वरच्या टाकीतलं पाणी काठावरून सांडून नळीने खाली येतं, पंप ते पुन्हा वर ढकलतो. पंप थांबला की वरचं जास्तीचं पाणी खाली उतरणारच. त्याला जागा नको? शिवाय पाणी वर नेणाऱ्या नळीचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली बुडालेलं आहे. तीच उलटी पाणी ओढू लागते. ड्रममधून नळीने रॉकेल काढतात ना, तसं. म्हणून टॉयवोने त्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली भोक पाडलं होतं. पाणी उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. हे बघ, शेवाळाने बुजलंय."

आयलीने टूथपिकने भोक साफ केलं. खालची टाकी निम्मी उपसली. रेने प्लग काढला. खालच्या टाकीतलं पाणी चढत गेलं आणि काठाच्या चार बोटं खाली थांबलं.

आयली कोरड्या जमिनीकडे बघत राहिली. "म्हणजे तो कधी आलाच नव्हता."

"नाही आयली." रेने उगाच सारवासारव केली नाही. "शनिवारी मी सांगू सगळ्यांना?"

"तू ये. सांगेन मी."

शनिवारी सिस्टरने टॉयवोला तीनदा बोलावलं, चौथ्यांदा विनवलं. थेंब नाही.

"खोलीत कुणीतरी अविश्वासी आहे!" ती रेकडे बघत कडाडली. "आत्मा बुजलाय!"

आयली उठली. पडदे उघडले, कपाटाची दारं उघडली, पंप सुरू केला. तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादल्या खालच्या टाकीत रित्या केल्या, आणि बोळा कोंबून नळीचं भोक बंद केलं.

"आता मी कुणालाही हाक मारत नाही. नुसता प्लग काढते. बघा."

खालची टाकी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भरली आणि सांडली.

"आत्म्याला साधन लागतं," सिस्टर गडबडीने म्हणाली. "पंप हे त्याचं साधन!"

"मग दोन बादल्या उपसल्या की त्याची मायाही आटते का?" आयली ब्लांशकडे वळली. "अगं, हे माशांच्या घाणीचं पाणी आहे. डोळ्यांत घालतेस तू!"

ब्लांश ताडकन उठली. "स्वतःचाच नवरा नकोसा झाला होय तुला?"

एव्हाना सिस्टर बाटल्यांची पिशवी उचलून निघून गेली होती. मागोमाग बाकीचेही गेले, कॉफी तशीच टाकून. जाताना एकाने नजर चुकवली, एकीने नाक मुरडलं. सिस्टरचा राग कुणाला आला नाही, आयलीचा आला.

सोमवारी ती गाडी घेऊन ब्लांशच्या दारात उभी राहिली. "चल, डोळे दाखवायला." ब्लांश कोट चढवून गाडीत बसली. डॉक्टर म्हणाले, कडेची गेलेली नजर परत येणार नाही. औषधाचे थेंब पुन्हा सुरू केले तर उरलेली वाचेल. घरी सोडताना ब्लांश खाली बघत म्हणाली, "माझा हात थरथरतो. थेंब घालायला येत जाशील?"

"येईन की."

आयलीचे शनिवार आता रिकामे असतात. टॉयवो येत नाही, ते तिला माहीत आहे, आणि ते माहीत असणं सोपं नाही.

गेलेल्या माणसासाठी जीव तुटतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या तुटलेल्या जिवावरच कुणी दुकान मांडतं, म्हणून हे सांगायचं. जमिनीवर पाणी दिसलं तर हात जोडण्याआधी वाकून बघा, ते येतं कुठून. प्लग लावून बघा, काढून बघा. आणि डोळ्यांचं औषध बंद करा म्हणणारा कुणी आला, तर तो कुणाचाही निरोप घेऊन आलेला असो, त्याला दारातूनच परत पाठवा.