गळ्याच्या वरची नागीण

गुणाबाईला राग आला की पाड्यावरची कुत्रीसुद्धा वाट बदलून जातात, असं गोदू म्हणायची. गोदूचं घर तिच्या घराला लागूनच, तेव्हा तिला माहीत असणारच. पण आरोग्य शिबिराच्या दिवशी गुणाबाईला जो राग आला, तो गोदूनेही आधी कधी पाहिला नव्हता. एरवीचा राग भांडी आपटून तासाभरात निवायचा. हा दोन महिने तसाच धुमसत राहिला.

भिवंडीजवळच्या वडपे गावामागे गोदामांच्या पत्र्याच्या भिंती संपल्या की टेकडीच्या पायथ्याला हा पाडा. शाळेच्या पडवीत शिबिर भरलं होतं. डॉक्टर इरम आरोग्य केंद्रात नवीनच आली होती. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली मुलगी, सत्तावीस वर्षांची, हुशार, आणि हुशारीची अजून सवय न झालेली. जिव्या म्हाताऱ्याने छाती तपासायला सदरा वर केला, तर बरगडीवर गेरूचे दोन लाल पट्टे.

"हे काय, आजोबा?"

"नागीण उठली व्हती. गुणाबाईनं बांधली. आता बरा हाय."

इरम हसली. "अहो, गेरूनं काही होत नाही. नागीण दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुकते. तुमच्या गुणाबाई त्या दिवशी घरी झोपून राहिल्या असत्या, तरी तुम्ही बरे झाला असता!"

पडवीभर लोक हसले. पोटात दुखतं म्हणून आलेले पोट धरून हसले. आणि गुणाबाई खांबाला टेकून मागेच उभी होती.

चाळीस वर्षं ती नागीण बांधत होती. गेरू उगाळायचा, फोडांच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रेघ ओढायची, म्हणजे नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळत नाहीत. रोग्याच्या घरचा पैसा घ्यायचा नाही, चहासुद्धा प्यायचा नाही, नाहीतर हाताचा गुण जातो. कुणाच्याही घरून बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जायचं. त्या चाळीस वर्षांची किंमत या पोरीने एका वाक्यात शून्य केली होती.

इरम मात्र रंगात आली होती. तिने फळ्यावर खडूने पाठीचा कणा काढला. "नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या गेल्या असं आपल्याला वाटतं. पण तो जात नाही. इथं, नसांच्या गाठीत लपून बसतो. वीस वर्षं, चाळीस वर्षं. अंगातली ताकद कमी झाली की त्याच नसेवरून परत बाहेर येतो. म्हणून नागीण अंगाच्या एकाच बाजूला उठते."

"कांजिण्यांची माता मी स्वतः वाटेला लावते," गुणाबाई मागून बोलली. "लिंबाच्या पाल्याची आंघोळ घालून, नारळ देऊन. ती न्हाय ऱ्हात कोनाच्या अंगात."

"मावशी, तुम्ही नारळ दिलात, पण पाहुणी गेलीच नाही ना!" इरम म्हणाली, आणि पडवी पुन्हा हसली.

गुणाबाई तिथून निघाली ती घरापर्यंत बडबडत गेली. "ह्या बाईच्या दारात मी मेल्ये तरी जायची न्हाय. आनि माझ्या घरातलं कोनी जायचं न्हाय."

खरं दुखणं दुसरंच होतं, आणि ते तिने गोदूलाही सांगितलं नाही. तिला ही विद्या सासूने, राहीबाईने दिली होती, आणि देताना एक नियम घातला होता: गळ्याच्या खालची नागीण आपली, गळ्याच्या वरची सरकारी दवाखान्याची. तोंडावर उठली की डोळ्यावर जाते, तिला हात लावायचा नाही. गुणाबाईने तो नियम कसोशीने पाळला होता. दोन बायकांना तिने स्वतः रिक्षात बसवून भिवंडीला नेलं होतं, आणि दोघींचे डोळे वाचले होते. इरमने एक शब्द विचारला असता, तर तिने हे सगळं भरल्या पडवीत सांगितलं असतं. पण विचारतंय कोण! ज्यांना फळ्यावर कणा काढता येतो त्यांना विचारायची गरज काय?

दोन महिन्यांनी तिची लेक भाग्यश्री पूर्णा गावातल्या गोदामातून डोकं धरून थेट माहेरी आली. भाग्यश्री एकतीस वर्षांची, त्याच पाड्यात दिलेली. गोदामात खोक्यांवरच्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या वाचून माल वेगळा करायचं तिचं काम, आणि तिच्याइतकं भराभर वाचणारं त्या शिफ्टमध्ये दुसरं कुणी नव्हतं. उजव्या कपाळाची आग होत होती, केसांत फणी घालवत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या भुवईच्या वर फोडांचा घोस उठला.

गुणाबाईने दारातूनच पाहिलं आणि ओळखलं. तिचा पाय रिक्षाच्या रस्त्याकडे वळलाही होता. मग तिला पडवीतलं ते हसणं ऐकू आलं. आरोग्य केंद्र पंधरा मिनिटांवर, आणि तिथे कोण बसलेली, तर ती. लेकीला घेऊन तिच्यापुढे उभं राहायचं? ती विचारणार, काय मावशी, गेरू संपला का? भिवंडीला जाता आलं असतं. पण पाड्यावर बोंब झालीच असती, की गुणाबाई स्वतःच्या लेकीला दवाखान्यात घेऊन गेली.

"गेरू उगाळ," तिने गोदूला सांगितलं.

"अगो, ही तर गळ्याच्या वरची हाय," गोदू म्हणाली.

"माझी लेक हाय. तू मला शिकवू नको. हिला कपाळावरच बांधून दाखवत्ये, मंग बघू कोन हसतंय."

आईने भाग्यश्रीच्या डोळ्यांदेखत शंभर नागिणी बांधल्या होत्या आणि शंभरही बऱ्या झाल्या होत्या. तिने डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी पापणी सुजली. जावई राकेश रिक्षा घेऊन दारात आला. "मामी, नेऊ का हिला दवाखान्यात?"

"ने ना! आनि त्या डॉक्टरनीला सांग, सासूला अक्कल न्हाय म्हनून!"

राकेश रिक्षा घेऊन परत गेला. त्याचं चुकलंच. पण गुणाबाईच्या तोंडाला लागायची पाड्यावर कुणाची छाती नव्हती, आणि त्याच्या आवाजाला तर कधीच धार नव्हती. तिसऱ्या दिवशी डोळा पूर्ण मिटला आणि भाग्यश्री रात्रभर कण्हत राहिली. गुणाबाईने रेघा पुन्हा ओढल्या, आदल्या दिवशीपेक्षा जाड.

चौथ्या दिवशी नाकाच्या शेंड्यावर फोड आला. राहीबाई म्हणायची, नाकाच्या शेंड्यावर उठला की डोळ्याला वाट मिळाली समज. गुणाबाईने गेरूची वाटी बाजूला सारली. तिने लेकीचं मनगट धरलं आणि तिला जवळजवळ ओढतच रस्त्यावर आणलं. राकेशला हाक मारून रिक्षा काढायला लावली.

इरमने भाग्यश्रीला पाहिलं आणि ती खुर्चीतून उठलीच. गोळ्या तिथेच दिल्या, डोळ्यांच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली, रुग्णवाहिकेला फोन केला. मग तिचा आवाज चढला. "किती दिवस झाले? चार? पहिल्या तीन दिवसांत या गोळ्या मिळाल्या असत्या तर... गेरू कोणी लावला हा?"

"मीच लावला," भाग्यश्री म्हणाली.

"खोटं बोलते. मी लावला," गुणाबाई म्हणाली.

"मावशी, मी शिबिरात सांगितलं होतं ना, की गेरूनं..."

"काय सांगितलंस? आपोआप बरी हुते, येवढंच सांगितलंस! तोंडावर उठली तर डोळा जातो, ह्ये सांगितलंस तू? न्हाय सांगितलंस. ह्ये मला म्हाईत व्हतं. चाळीस वरसं म्हाईत व्हतं. तू मला इचारशील म्हनून उभी व्हते मी, आनि तू हसलीस!"

इरमने हळूच विचारलं, "माहीत होतं, मग चार दिवस का थांबलात?"

"तुझ्या रागानं," गुणाबाई म्हणाली.

डोळा काढावा लागला नाही. पण बुबुळावर फूल पडलं. उजवा डोळा झाकला काय आणि उघडला काय, भाग्यश्रीला उजेड-अंधारापलीकडे काही कळेना. डाव्या डोळ्याने चिठ्ठ्या वाचता येत होत्या, पण दुप्पट वेळ लागायचा. मुकादमाने तिला झाडलोटीच्या कामावर लावलं.

महिन्याभराने इरम पाड्यावर आली, एकटीच. ती गुणाबाईच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "माझं चुकलं, मावशी. मी तुमच्यावर हसायला नको होतं. गळ्याच्या वरची नागीण म्हणजे लगेच दवाखाना, हे पुढच्या शिबिरात तुम्ही सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील." गुणाबाईने पदराने डोळे पुसले, आपलंही चुकलं म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्या डॉक्टरणीला चहा दिला. इरमने तो घेतला. गोदूला इतका आनंद झाला की तिने घरातून शेव आणली.

भाग्यश्री भिंतीला पाठ लावून सगळं ऐकत होती. ती उठली.

"झालं तुमचं दोघींचं? ह्यांनी तुला इचारलं, तू माफ केलंस. गोड झालं. आनि माझा डोळा?"

"भागे..."

"डॉक्टरबाई हसल्या, तर तुझा मान गेला. तू रागावलीस, तर माझा डोळा गेला. त्या घोसाकडं बघून तुला ठावं व्हतं ना, आये? गेरू लावताना बी ठावं व्हतं?"

गुणाबाईने मान खाली घातली. "व्हतं."

"तुला म्हाईत नसतं ना, तर मी तुला माफ केलं असतं. अडाणी आई म्हनून माफ केलं असतं. तुला म्हाईत व्हतं, आये!"

इरमने कप खाली ठेवला. भाग्यश्री ओटा उतरायला गेली. एका डोळ्याने पायरी किती खाली आहे याचा तिला अंदाज येईना, म्हणून ती पाऊल पुढे करून हवेतच थांबली. गुणाबाईने धावत जाऊन तिचा दंड धरला. भाग्यश्रीने तो हात झटकला आणि पायरी चाचपत एकटीच खाली उतरली.