कोपऱ्यातले कोट

रादिवोयेने बैठकीच्या खोलीत बसवलेले दोन स्पीकर छातीइतके उंच होते. त्याची बायको देसांका त्यांना सरळ शवपेट्या म्हणायची. अकरा वर्षं तो त्यांच्या मागे लागला होता, आणि दोष एकच होता: आवाज घुमायचा. गाणारी बाई विहिरीत पडून गातेय असं वाटायचं. त्यापायी त्याने चार अँप्लिफायर बदलले, पेट्या तीनदा कापून पुन्हा जोडल्या. सुरुवातीलाच देसांकाच्या आईने विणलेला जाडजूड लोकरी गालिचा भिंतीवरून काढून माळ्यावर टाकला, कारण तो म्हणे व्हायोलिनचे बारीक सूर खातो. पुढच्या वर्षी घरच्या संताच्या सणाला सासूबाईंनी येऊन रिकामी भिंत पाहिली. त्याच्या पुढच्या सणाला त्या हयात नव्हत्या.

यंदा देसांकाने निक्षून सांगितलं, "संत निकोलाच्या सणाला वुकाशिन चांगलं म्हणाला तर या शवपेट्या राहतील. नाहीतर खुराड्यात. कोंबड्या तरी बसतील."

वुकाशिन म्हणजे निवृत्त रेडिओ इंजिनिअर आणि गावाचा कान. त्याने एखाद्या अँप्लिफायरला 'ओलसर' म्हटलं की मालकाला आठवडाभर अन्न गोड लागत नसे.

सणाला आमंत्रण नसतं, येईल त्याला बसवायचं. बाहेर बर्फ, आत चाळीस माणसं. खुंट्या भरल्या तेव्हा देसांकाने उरलेले कोट स्पीकरमागच्या कोपऱ्यात छतापर्यंत रचले. रादिवोयेने नव्या अँप्लिफायरचे दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह पेटवले आणि रेकॉर्ड लावली.

वुकाशिनने कोबीच्या पानातल्या सारम्याचा काटा खाली ठेवला, डोळे मिटले. सगळ्यांचं चावणं थांबलं.

"घुमत नाही," तो म्हणाला. "व्हॉल्व्हची ऊब आहे ही! मी म्हणत नव्हतो, दोष अँप्लिफायरचाच?"

दोन वर्षांपूर्वी तो व्हॉल्व्हलाच दोष देत होता, पण रादिवोयेला ते कुठलं आठवायला? त्याचे डोळे भरून आले होते.

मग पाहुणे निघाले. एकेक कोट उचलला गेला आणि गाणारी बाई हात-हातभर विहिरीत उतरू लागली.

"बसा हो, एवढ्यात कुठे? रकियाचा पेला घ्या की अजून एकेक!" रादिवोये लोकांच्या बाह्या ओढू लागला. वुकाशिनने आपला मेंढीच्या कातड्याचा कोट घेतला तेव्हा बाई तळाला पोचली होती.

दारात वुकाशिनने कपाळाला आठी घातली. "दमला रे अँप्लिफायर. विसावू दे त्याला."

रादिवोये रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिला. देसांका ग्लास पुसत होती. कोट गेले तसा आवाज घुमू लागला, हे तिनेही ऐकलं होतं.

"चांगलं म्हणाला ना तो? मग राहू देत," ती म्हणाली. "मी शब्द फिरवत नाही."

रादिवोये जिंकला होता, गप्प बसला असता तर चाललं असतं. पण त्याला लाज वाटली. तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि धुळीने माखलेला गालिचा खांद्यावर घेऊन उतरला. देसांकाने दुसरं टोक भिंतीला धरलं, तो खिळे ठोकू लागला.

"वुकाशिनला काय सांगशील?"

"नवी वायर टाकली म्हणेन."

"आणि माझ्या आईला?"

रादिवोयेने तोंडात धरलेले खिळे काढले आणि बाहीने गालिच्यावरची धूळ पुसू लागला.