कागदाची नस

बाइंडरबुवांनी कागदाचा तुकडा एका बाजूने ओला केला आणि सुनेच्या लॅपटॉपसमोर धरला, जणू पलीकडच्याला तो दिसणारच होता. तुकडा मुकाट्याने गुंडाळला गेला.

"बघ म्हणावं. कागदालाही लाकडासारखी नस असते, त्याचे तंतू एकाच दिशेने जातात. ती पुस्तकाच्या पाठीबरोबर उभी हवी. आडवी लावली की पुस्तक फुगलंच."

सगळ्यांनी मिळून लिहायच्या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात नेमकं उलटं दिलं होतं. सुनेने बुवांचं वाक्य तीनदा घातलं आणि 'खारूताई' नाव लावणाऱ्या कुणा संपादकाने ते तीनदा काढलं. कारण एकच, संदर्भ द्या.

संदर्भ म्हणे! तोही एक्केचाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्याकडे! बुवांचं पित्त खवळलं. शिकायला कुणी फिरकलं नाही म्हणून दुकान बंद झालं, हात कापायला लागले, आणि आता एवढं एक वाक्यही आपल्यामागे उरू नये, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

एखाद्या पुस्तकात असेलच की, असं सून म्हणाली तेव्हा त्यांनी मान खाली घातली. हजारो पुस्तकं शिवली, पण पानं उलटली ती क्रम तपासण्यापुरती. वाचलं एकही नव्हतं.

दोघं ग्रंथालयात गेली. बांधणीकामावरचं एक जुनं पुस्तक निघालं. बुवांनी ते उघडण्याआधीच ओळखलं, कारण बांधणी त्यांचीच होती. पान एकशे बारावर छापलं होतं: नस उभी ठेवावी.

पुस्तक घरी आणून सुनेने वाक्य पुन्हा घातलं, खाली पुस्तकाचं नाव आणि पान. मग रोज सकाळी चहाआधी बुवा विचारायचे, "आहे का गं?"

"आहे, बाबा."

नवव्या दिवशी खारूताईचा निरोप आला. सुनेने तो वाचून दाखवला.

"रागावला असाल. पण मी शिक्षिका आहे, ऐकीव गोष्ट वर्गात शिकवत नाही. काल माझ्या बत्तीस मुलींनी तुमच्या वाक्यावरून वह्या बांधल्या. एकही फुगली नाही."

बुवांनी ते आणखी दोनदा वाचायला लावलं. त्यांचा आनंद गगनात मावेना.

"एकही नाही," ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा पुसला.

"शिवणीबद्दल तिथे काय लिहिलंय ते उघड. आणि ते पुस्तक दे इकडे. आधी वाचतो."