बिनटोपीचं बोट

"बोट खाली," आई म्हणाली, तसा चिझुरुने हात कोटाच्या खिशात घातला.

दोघी रेल्वेच्या कारशेडपाशी उभ्या होत्या आणि चिझुरुने नुकतंच फाटकाच्या कडीकडे बोट दाखवून "कडी उघडी!" असं खणखणीत म्हटलं होतं. एकतीस वर्षांची झाली तरी तिची ही सवय काही सुटली नव्हती. बोटाने दाखवलं, तोंडाने म्हटलं, की ती गोष्ट तिच्यापुरती जागेवर बसे. नाहीतर सगळं जग एकदम अंगावर येई. हे ती लहानपणी घराजवळच्या स्टेशनात शिकली होती. गाडी सुटायच्या आधी टोपीवाला गार्ड फलाटाकडे बोट दाखवून ओरडे, तिने तेच घरी सुरू केलं. आईला आधी गंमत वाटली. पण शाळेतली पोरं पोरीच्या नकला करायला लागली, तेव्हा आई धास्तावली आणि तिने नियम घालून दिला, "ते टोपीवाल्यांचं काम आहे. तुला आहे का टोपी? नाही ना? मग बोट खाली!"

स्वमग्नता हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला चिझुरुला पंचविशी गाठावी लागली. त्याने कोडं सुटलं, पण नोकरी काही मिळाली नाही. जन्मात तिने एकदाच नोकरी केली होती, जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात, जेमतेम आठवडाभर. प्रत्येक डब्यापुढे "लोणचं घातलं! झाकण लागलं!" म्हणणारी बाई बघून गिऱ्हाईकं तोंड दाबून हसायची. मालकाने गोड बोलून तिला वाटेला लावलं. पुढे मुलाखती तेवढ्या झाल्या. "अनुभव काय?" असं कुणी विचारलं, की तिची दातखीळ बसायची.

"आमच्यामागे तुझं कसं व्हायचं गं," आई फाटकातही नेहमीचंच म्हणाली. "आजचा दिवस नीट काढ. हात खिशात, तोंड बंद."

एक दिवस काम करून दाखवायचं होतं. पसंत पडलं, तर सफाई कामगाराची निळी टोपी मिळणार होती.

आत पाऊल टाकलं आणि चिझुरु थबकली. गाड्या तिला ठाऊक होत्या त्या माणसांनी ठासलेल्या, कर्कश. इथे त्या रिकाम्या उभ्या होत्या, गोठ्यातल्या गुरांसारख्या, ओळीने, गप्प. एकेक चाक तिच्या कमरेला लागेल एवढं. एवढं अवजड काहीतरी इतकं शांत असू शकतं, हे तिला माहीतच नव्हतं. तिला तिथे आपोआप हळू चालावंसं वाटलं.

मुकादम ओकाबेबाईंनी तिला निशिवाकीकाकांच्या हवाली केलं. काका सत्तरीचे, वाकलेले, हातात पोछा. डब्यात चढताना त्यांनी पायरीकडे बोट दाखवलं आणि ओरडले, "पायरी, ठीक!" मग बादलीकडे. "बादली, ठीक!"

चिझुरुच्या कानशिलात ऊन ऊन झालं. म्हणजे इथेही! आईने सांगितलं असणार, आणि हा म्हातारा शाळेतल्या पोरांसारखा नकला करतोय. तिने पोछा टाकून घरी जायचं ठरवलं आणि ती वळली.

तेवढ्यात खिडकीतून पलीकडची गाडी दिसली. इंजिनाच्या केबिनमध्ये एक ड्रायव्हर एकटाच बसला होता. पांढरा हातमोजा घातलेला त्याचा हात उठला, समोरच्या रिकाम्या रुळाकडे गेला, ओठ हलले. त्याला कुणी बघत नव्हतं, तो कुणाला हसवत नव्हता. खाली रुळांमधल्या तपासणीच्या खड्ड्यात एक मुलगी चाकाखाली बोट दाखवून काहीतरी म्हणत होती. डब्याच्या दुसऱ्या टोकाला काका, तिच्याकडे पाठ करून, एका खुर्चीला सांगत होते, "गादी, ठीक!"

शेडभर बोटं उठत होती. चिझुरु खांबाला धरून बघत राहिली. देवळात गेल्यावर आईचा चेहरा जसा होतो, तसा तिचा झाला होता.

"काय बघतेस, पोरी?" काका म्हणाले. "माझी बायको तर कावते. घरी गॅस बंद करतानासुद्धा ओरडतो मी."

दुपारी भाताचा मुटका खाऊन झाल्यावर ओकाबेबाई म्हणाल्या, "हा शेवटचा डबा तू एकटी तपास. आत कुणी नाही अशी खात्री झाली, की सांग. मग मी दारं बंद करते."

चिझुरुने खुर्च्यांखाली पाहिलं, वरच्या सामानाच्या फळ्या पाहिल्या, कोपरे पाहिले. सगळं मनातल्या मनात, मूठ खिशात आवळून. दारात येऊन तिने मान हलवली.

"मान हलवलेली इथे चालत नाही," ओकाबेबाई खालून म्हणाल्या. "कुणी आत राहिलं तर बंद होणाऱ्या दारात सापडेल. बोट दाखव आणि बोल."

चिझुरुने मूठ खिशात आणखी खोल घातली.

"अगं, काम तुझं चोख आहे. पण बोलणार नसशील तर मला तुला ठेवता यायचं नाही."

चिझुरुला रडूच फुटलं. "मला येतं हो! पण आईने सांगितलंय... टोपी नसताना नाही करायचं."

ओकाबेबाईंनी हातातली वही खाली ठेवली. मग पायरी चढून वर आल्या, डोक्यावरची स्वतःची टोपी काढली आणि चिझुरुच्या डोक्यावर दाबून बसवली. "ही घे. आता तर झालं?" म्हणत त्या परत खाली उतरल्या.

हात खिशातून बाहेर आला. बोट खुर्च्यांकडे गेलं.

"खुर्च्या, ठीक! फळ्या, ठीक! आत कुणी नाही! दार, ठीक!"

आवाज पत्र्याच्या छपराला जाऊन भिडला. आणि लगेच खालून ओकाबेबाई, "दार, ठीक!" पलीकडून काका, "ठीक!" खड्ड्यातली मुलगीसुद्धा, "ठीक!" तिथली रीतच तशी होती, एकाने पुकारलं की दुसऱ्याने परत म्हणायचं. पण चिझुरुच्या बोटाला आजवर कुणी ओ दिली नव्हती. ती खाली उतरली. दारं सुस्कारा टाकून बंद झाली.

"उद्या तुझ्या मापाची आणते," ओकाबेबाई म्हणाल्या. "आज हीच घालून जा. आणि सहाला हजर हो."

संध्याकाळी आई फाटकात उभी होती, सकाळी होती तिथेच. चिझुरु समोर आली, टाचा जुळवून थांबली. हात उठला.

"आई, ठीक!"

'बोट खाली' आईच्या ओठांवर आलंच होतं. मग तिला टोपी दिसली. मोठी होती, कानांवर आली होती.

चिझुरु बोट रोखून वाट बघत उभी होती.

"ठीक," आई म्हणाली.

"ऐकू नाही आलं," चिझुरु म्हणाली.

आईने डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि लेकीकडे बोट करून भर रस्त्यात ओरडली, "चिझुरु, ठीक!"