बाटलीतला हिरवा रंग

मी एक जुनी व्हॅन आहे. काळेवाडीच्या एका गल्लीत दुधाच्या दुकानासमोर उभी असते. मित्रांनो, माझ्या काचा चकचकीत आहेत, सीटना नवी कव्हरं आहेत, तरीही माझं मन विटलेलं आहे. का, ते सांगते.

कारखान्यातून निघाले ती थेट रावेतला सोपानरावांच्या, म्हणजे सगळ्यांच्या तात्यांच्या, दारात आले. त्यांचं शेत विकून तिथे इमारती उभ्या राहिल्या होत्या, हातात पैसा आला होता आणि मी त्यांची नवी हौस होते. चाकणच्या एका कंपनीत शिफ्टची माणसं ने-आण करण्याचं काम मला मिळालं. "तात्यांच्या गाडीवर घड्याळ लावावं," असं कामगार म्हणायचे आणि मी फुगून जायची. खंडेनवमीला सोपानराव मला घासूनपुसून झेंडूची माळ घालत, चाकांखाली लिंबं ठेवत. माझ्याइतकी लाडाची गाडी पंचक्रोशीत नसेल असं मला वाटे.

पण ते लाड वरवरचे होते. आमच्या इंजिनाभोवती एक रंगीत पाणी फिरत असतं, त्याला कूलंट म्हणतात. ते इंजिन तापू देत नाही, आतून गंजूही देत नाही. जुनं झालं की ते काढून नवं भरावं लागतं. सोपानरावांनी ते कधीच बदललं नाही. कमी झालं की बोअरचं खारं पाणी ओतून मोकळे होत. ते पाणी थंड करणारा माझा रेडिएटर आतून गंजला, मग गळू लागला. मी तापमानाचा काटा वर नेऊन सांगत राहिले, तर म्हणाले, "म्हातारी लई कुरकुरतीया." आणि मला विकायला काढलं.

गिऱ्हाईक येणार त्या सकाळी त्यांनी बोनेट उघडलं. मला वाटलं, अखेर माझं दुखणं कळलं. त्यांनी खिशातून रंगपंचमीच्या रंगाची पुडी काढली, पाण्यात कालवली आणि ते हिरवं पाणी इंजिनाशेजारच्या कूलंटच्या पारदर्शक बाटलीत वरच्या खुणेपर्यंत भरलं. ज्याच्यासाठी जन्मभर राबले, त्यानेच मला खोटं बोलायला लावलं!

गिऱ्हाईक म्हणजे काळेवाडीत राहणारा, मूळचा परभणीकडचा ज्योतीराम आणि त्याची बायको सावित्रीबाई. त्याची कंपनीतली नोकरी गेली होती, आता घर चालायचं ते माझ्याच जिवावर. त्याने बाटली पाहिली, मान हलवली, आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. तेवढ्यात सोपानरावांनी देवघरातून भंडारा आणून माझ्या बोनेटला लावला.

"भंडाऱ्याची आण हाय पाव्हणं, गाडीला काडीची खोट न्हाई."

भंडारा लावल्यावर पुन्हा तपासणं म्हणजे देवावरच संशय घेणं. ज्योतीरामने हात मागे घेतला, तोच भंडारा कपाळाला लावला आणि किल्ली घेतली. मला तोंड नव्हतं. मी चमकत उभी राहिले.

व्हायचं तेच झालं. चाकणच्या रस्त्यावर, वाहनांच्या कोंडीत, गाडीभर कामगार बसलेले असताना मी वाफ सोडून बंद पडले. सगळे उतरून शिफ्ट गाठायला धावले. ज्योतीरामने सावित्रीबाईंना बोलावून घेतलं आणि दोघांनी मला टो करून शेखर मिस्त्रीच्या गॅरेजात आणलं.

शेखरने मी थंड होईपर्यंत झाकणाला हात लावला नाही. मग उघडून पाहिलं, तर रेडिएटर कोरडा आणि तळाला गंजाचा गाळ. बाटली रिकामी करताना त्याचा तळवा हिरवा झाला, तो साबणानेही निघेना.

"भाऊ, कूलंट असं हाताला चढत नाही. हा साधा रंग आहे. आता इंजिन वाचलं तर नशीब समजा."

ज्योतीरामने तिथूनच सोपानरावांना फोन लावला, स्पीकरवर. "तात्या, तुमी भंडाऱ्याची आण घेतली व्हती की!"

"आण म्या गाडीची घेतली. पान्याचं तू बघायचं व्हतंस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझी चौकशीसुद्धा केली नाही.

ज्योतीरामने फोन खिशात कोंबला. "शेखरभाऊ, रंग पुन्हा भरा. म्या बी इकून टाकतो कुणाला तरी."

"आन् त्याच्यासमोर भंडारा कोण लावणार?" सावित्रीबाई म्हणाल्या. "तुमी?"

ज्योतीरामने माझ्या बोनेटवर हात ठेवला. मग म्हणाला, "नीट करा हिला."

शेखरने आतला गाळ धुऊन काढला, रेडिएटर बदलला, खरं कूलंट भरलं आणि आतली हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. मी वाचले. आता ज्योतीराम रोज सकाळी, मी थंड असताना, झाकण उघडून पाहतो.

परवा रावेतच्या सिग्नलला सोपानराव दिसले. शेजारच्या माणसाला माझ्याकडे बोट दाखवून अभिमानाने सांगत होते, "माझीच व्हती ही. अजून कशी पळतीया बघा, सांभाळलीच तशी म्या!" तो माणूस कौतुकाने माझ्याकडे बघत राहिला. वाफ सोडली होती त्या दिवशीही माझा इतका जीव जळला नव्हता.

मित्रांनो, गाडीला हार घाला, पण कूलंटही वेळेवर बदला. आणि विकायची वेळ आली तर तिचं दुखणं खरं खरं सांगा. आम्हाला बोलता येत नाही; आमच्याबद्दल तुम्ही जे सांगाल, तेच जग खरं मानतं.